क्षमा करताना या चुका टाळा

आमच्या चर्चच्या मंडळीत लोकांसोबत प्रार्थनेला बसते त्याला बरीच वर्षं झाली. भांडणं दर वेळी नवी असतात, पण क्षमेच्या बाबतीतल्या चुका त्याच त्या. आणि बहुतेक सगळ्या घाईतून झालेल्या.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे "जाऊ द्या, काही झालंच नाही" म्हणून मोकळं होणं. काही झालंच नसेल तर क्षमा कशाची करणार? प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत शब्द ऋणाचा आहे: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." सोडायचं ते किती आहे, हे आधी कळायला हवं. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दृष्टांत आहे. त्यातला चाकर शंभर दीनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो. उपदेशात आपण ही रक्कम फार पटकन चिल्लर ठरवतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर घर हलतं. येशू ते देणं खोटं ठरवत नाही. त्या चाकराला स्वतःला मात्र राजाने दहा हजार तालान्त सोडलेले होते, आणि एक तालान्त म्हणजे साधारण सहा हजार दीनार. सहा कोटी दिवसांची मजुरी! दोन्ही आकडे खरे धरले तरच तो दृष्टांत काळजाला भिडतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. अगदी जवळच्या मैत्रिणीने माझ्याबद्दल खोटं पसरवलं. मला कळलं त्याच संध्याकाळी मी सगळ्यांसमोर "मी क्षमा केली" म्हणाले. सगळ्यांनी आमेन म्हटलं, मलाही हलकं वाटलं. पुढची दोन वर्षं ती प्रार्थना करायला लागली की मी डोळे मिटून तिच्या चुका मोजायचे. शेवटी एका रात्री वही काढली आणि तिने माझं काय नेलं ते लिहिलं. लोकांतलं माझं नाव. धाकट्या बहिणीचा माझ्यावरचा विश्वास. तिसरी ओळ लिहिताना हात थांबला: उपासनेला जाताना वाटणारा आनंद. तोवर मला वाटत होतं की माझा राग खोटेपणाबद्दल आहे. मग एकेक ओळ प्रभूसमोर वाचून तिच्यापुढे "सोडलं" असं लिहीत गेले. तिसऱ्या ओळीपुढे तो शब्द लिहायला आठ दिवस लागले.

तेव्हापासून माझी हीच पद्धत आहे. कुणी "एका प्रार्थनेत सगळं विसरले" असं सांगितलं की मी वही पुढे करते. नवीन विश्वासणाऱ्यांना हे जड वाटतं. त्यांना लगेच साक्ष द्यायची असते, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं असतं. पण बायबलमधल्या योसेफाकडे बघा, ज्याला त्याच्याच भावांनी विकलं होतं. भावांना जवळ घेण्याआधी तो स्पष्ट म्हणतो, तुम्ही ज्याला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, विकलंत तो मी. गुन्ह्याचं नाव घेऊन मग गळ्यात पडून रडतो.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते: क्षमा केली म्हणजे परत त्याच घरात, त्याच हातात जायचं, असं समजणं. मंडळीतल्या एका मार खाणाऱ्या बहिणीला "सातांच्या सत्तर वेळा" क्षमा करावी हे येशूचं वचन दाखवून परत पाठवलं गेलं. मी त्याच खोलीत होते आणि गप्प बसले. पंधरा दिवसांनी ती हाताला प्लास्टर घालून आली. त्या गप्प बसण्याबद्दल मी आजही देवाकडे क्षमा मागते. लूकच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात तोच प्रभू म्हणतो की भावाने अपराध केला तर त्याला खडसाव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. क्षमा आपण एकट्याने करू शकतो, समेटाला दोघं लागतात, आणि विश्वास पुन्हा कमवावा लागतो.

कायद्याचंही तसंच. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं यांना गाडीत जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि कुष्ठरोग्यांमधलं काम चालू ठेवलं. खटला चालला, शिक्षाही झाली. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या नाहीत.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. राग पूर्ण जाईपर्यंत थांबू नका, भावना मागाहून येते. समोरच्याला काही कल्पनाच नसेल तर "मी तुम्हाला क्षमा केली" असं सांगायला जाऊ नका, त्यातून नवं भांडण उभं राहतं. "फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं" म्हणत चौघींना सगळं सांगणं ही चहाडीच आहे. आणि जुना राग परत आला तर आपली क्षमा खोटी होती असं समजून घाबरू नका. मी तेव्हा प्रभूच्या प्रार्थनेतल्या ऋणाच्या ओळीपाशी थांबते, त्या व्यक्तीचं नाव घेते आणि मगच पुढची ओळ म्हणते. त्या मैत्रिणीचं नाव अजूनही कधीतरी घ्यावं लागतं.