जुन्या माउंटन बाइकची टूरिंग सायकल: जुने सुटे भाग घेताना या चुका टाळा

दहा-पंधरा वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलांसाठी घेतलेल्या माउंटन बाइक आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक घरांच्या जिन्याखाली पडून आहेत. त्यांतली साध्या पोलादी फ्रेमची आणि मागे शॉकअ‍ॅब्सॉर्बर नसलेली सायकल सामान लादून लांबच्या प्रवासाला नेण्याजोगी करता येते, आणि त्यासाठी लागणारे बरेचसे भाग भंगाराच्या दुकानात, जुन्या सायकल मिस्त्रींच्या माळ्यावर किंवा ओळखीतल्या कोणाच्या तरी बंद पडलेल्या सायकलीवर सापडतात. भाग मिळतात, जुळत मात्र नाहीत. कारण बहुतेक जण आधी भाग विकत घेतात आणि मापे नंतर घेतात.

फ्रेम न तपासता सुरुवात करणे

हँडलच्या नळीमागे खालच्या नळीवर, पायडलच्या एक्सेलभोवतीच्या जोडावर आणि मागचे चाक बसते त्या खाचांजवळ रंगात केसासारखी बारीक, गंजलेली रेघ दिसली तर ती फ्रेम घेऊ नये; तो ओरखडा नसून तडा असण्याची शक्यता अधिक असते. सीटचा दांडा विकणाऱ्याकडूनच बाहेर काढून दाखवण्यास सांगावे. पोलादी फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षे तसाच राहिला की तो आत इतका घट्ट धरतो की काढताना फ्रेमच खराब होते.

फ्रेम पसंत पडल्यावर चार मापे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी खिशात ठेवावी: मागच्या चाकाच्या खाचांमधील आतले अंतर (माउंटन बाइकमध्ये बहुधा १३५ मिलिमीटर), पायडलच्या एक्सेलच्या नळीची रुंदी (६८ किंवा ७३ मिलिमीटर), सीटच्या दांड्याचा व्यास आणि चिमट्याच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागाच्या) वरच्या नळीचा व्यास. व्हर्नियर कॅलिपर स्वतःजवळ नसेल तर कोणत्याही लेथवाल्याकडे असतोच.

‘२६ इंच’ एवढ्यावर विश्वास ठेवणे

सर्वांत जास्त पैसे याच चुकीत जातात. दुकानदार २६ इंची म्हणून जी रिंग देतो ती २६ इंचीच असते, तरीही ती आपल्या सायकलीला बसेलच असे नाही, कारण सायकलीच्या जगात २६ इंच नावाची एकापेक्षा अधिक मापे आहेत. माउंटन बाइकच्या २६ इंची रिंगवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास ५५९ मिलिमीटर असतो. २६ × १ ३/८ असे लिहिलेल्या टायरसाठी तोच व्यास ५९० मिलिमीटर लागतो. दोहोंच्या त्रिज्येत पंधरा मिलिमीटरहून अधिक फरक पडतो, आणि एवढ्या अंतरावर माउंटन बाइकच्या व्ही-ब्रेकचे (रिंगला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकचे) रबर रिंगपर्यंत पोहोचवता येत नाही. काळ्या, उंच साध्या सायकलीचे २८ × १ १/२ हे माप तर ६३५ मिलिमीटरचे, म्हणजे पूर्णपणे वेगळे आहे. टायरवर माप दशांशात लिहिलेले असेल, जसे २६ × १.७५ किंवा २६ × १.९५, तर तो माउंटन बाइकचा. अपूर्णांकात असेल तर बहुधा दुसऱ्या कुठल्या सायकलीचा, ही खूण उपयोगी पडते. त्याहून खात्रीचे म्हणजे टायरच्या बाजूला छापलेला ४७-५५९ यासारखा आकडा. त्यातले ५५९ जुळले पाहिजे. त्याआधीचा आकडा केवळ टायरची रुंदी सांगतो.

माप जुळले तरी रिंगची प्रकृती पाहावी लागते. ब्रेकचे रबर जिथे घासते त्या पट्टीवर फूटपट्टी आडवी धरावी. रिंगची ती पट्टी मध्यभागी आत खोल गेलेली दिसली तर धातू झिजून पातळ झाला आहे आणि हवेच्या दाबाने ती कड एखाद्या उतारावर फाटू शकते. स्पोकच्या भोकांभोवती तडे आहेत का, हेही पाहावे. चाक थोडेसे डुलत असेल तर घाबरण्याचे कारण नाही, मिस्त्री स्पोक आवळून आउट काढून देतो. पण कड बाहेरच्या बाजूला वाकलेली असेल तर ती रिंग परत ठेवावी. मागच्या चाकाला ३६ स्पोकची रिंग मिळाली तर उत्तम. ३२ स्पोकचे चाकही, सर्व स्पोक सारख्या ताणाचे असतील तर, सामान वाहून नेते.

शक्य झाल्यास मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह बसेल असे मोठे भोक असलेली रिंग निवडावी. नवापूरपासून भुसावळपर्यंत महामार्गावरच्या पेट्रोल पंपांवर त्या ट्यूबमध्ये हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूबसाठी मात्र स्वतःचा पंप किंवा जोडतुकडा बाळगावा लागतो. बाभळीच्या काट्यांच्या या प्रदेशात हवा भरण्याची वेळ येणार हे गृहीत धरूनच चाक निवडलेले बरे.

फ्रीव्हीलच्या हबवर भरवसा ठेवणे

अठरा किंवा एकवीस गिअरच्या स्वस्त सायकलींत मागचे दाते हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, स्क्रूसारख्या आट्यांनी चढवलेल्या फ्रीव्हीलचे असतात. या रचनेत उजव्या बाजूचे बेअरिंग हबमध्ये आत राहते आणि एक्सेलचे टोक बराच लांबपर्यंत आधाराविना बाहेर येते. एकट्या स्वाराचे वजन ते सोसते. त्यात कॅरिअरवरचे पंधरा-वीस किलो आणि खड्ड्यांचे धक्के मिळाले की एक्सेल वाकतो आणि पुढे तुटतो. कॅसेट हबमध्ये, म्हणजे ज्यावर दात्यांचा संच आट्यांनी न फिरवता सरकवून बसवतात त्या हबमध्ये, उजवे बेअरिंग अगदी टोकाशी असल्यामुळे हा दोष राहत नाही. म्हणून जुन्या भागांवर खर्च करण्याची पहिली जागा कोणती, असे विचारल्यास माझे उत्तर कॅसेट हब असलेले मागचे चाक हेच राहील.

दोन्ही प्रकार दिसायला सारखे असतात. ओळखण्यासाठी दाते उलटे फिरवावेत आणि हत्यार अडकवण्याच्या मधल्या खाचांकडे पाहावे. खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील. आठ-नऊ गिअरच्या कॅसेट हबवर साडेचार मिलिमीटरचा वॉशर घालून सात गिअरची कॅसेटही बसते, त्यामुळे जुना शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलण्याचा खटका) फेकून देण्याची गरज पडत नाही. हब घेताना एक्सेल बोटांनी फिरवून पाहावा. खरखर जाणवली तर छरे आणि कोन बदलून भागेल, परंतु हबच्या आतील वाटीला खड्डे पडले असतील तर व्यवहारात तो हब संपला.

वेगाच्या मोहाने मोठे दाते निवडणे

‘रस्त्यावरची सायकल करायची आहे, म्हणून पुढे मोठी चकती हवी’ असा समज सार्वत्रिक आहे. सपाट तापीकाठावर तो चुकीचा वाटतही नाही. जमिनीचा चढ आणि सामानाचे वजन एकत्र आले की हिशेब बदलतो. स्वस्त एकवीस गिअरच्या सायकलीत पुढे २८-३८-४८ आणि मागे १४ ते २८ दाते असतात. सर्वांत हलका गिअर २८ ला २८, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.०५ मीटर पुढे जाते. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच असलेल्या तोरणमाळच्या घाटात किंवा चाळीसगावच्या कन्नड घाटात सामानासह हा गिअर जड पडतो आणि स्वार उतरून सायकल ढकलू लागतो. मागे ३४ दात्यांचा मोठा फ्रीव्हील बसवला तर तेच अंतर सुमारे १.७ मीटरवर येते. पुढे २२ आणि मागे ३२ दाते मिळाले तर १.४ मीटरवर. २२-३२-४२ चा जुना माउंटन क्रँक (पायडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) अनेकांना कालबाह्य वाटतो, म्हणून तो स्वस्तात मिळतो, आणि सातपुड्यासाठी त्याच्याइतका योग्य क्रँक नाही.

क्रँक घेताना दात्यांपेक्षा त्याचे चौकोनी भोक अधिक बारकाईने पाहावे. पूर्वीच्या मालकाने नट ढिला असताना सायकल चालवली असेल तर त्या भोकाच्या कडा गोलसर झालेल्या असतात, आणि असा क्रँक कितीही आवळला तरी पुन्हा सैल होतो. क्रँक ओढून काढण्याचे हत्यार ज्या आट्यांत बसते ते आटेही शाबूत असावेत. पायडलच्या आट्यांची गल्लत वेगळीच: तीन तुकड्यांच्या क्रँकला ९/१६ इंचाचे पायडल लागते, तर इंग्रजी एस आकाराच्या एकसंध दांड्याच्या क्रँकला १/२ इंचाचे. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, हे ठाऊक नसलेल्या हातांनी बिघडवलेले डावे क्रँक भंगारात हमखास दिसतात.

गिअर नीट पडत नसतील तर दोष बहुधा वेगवेगळ्या घराण्यांचे भाग एकत्र केल्याचा असतो. शिमानो कंपनीचे नऊ गिअरपर्यंतचे मागचे डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे भाग), काही जुने अपवाद वगळता, माउंटनचे आणि रोडचे एकमेकांच्या जागी चालतात. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचे स्वतःच्या प्रमाणाचे शिफ्टर मात्र त्यांच्याशी जुळत नाहीत, कारण तेवढ्याच केबलवर डिरेलर किती सरकावा याचे प्रमाण वेगळे असते. टकटक न करता सलग फिरणारे जुन्या पद्धतीचे अंगठ्याचे शिफ्टर मिळाले तर हा प्रश्नच उरत नाही. प्रवासात डिरेलर मोडला आणि धडगावात हाती लागेल तो बसवावा लागला, तरी असे शिफ्टर चालत राहतात.

वाकडे हँडल आणि व्ही-ब्रेक

रेसर सायकलीचे खाली वळलेले हँडल बसवले की सायकल टूरिंगची दिसते, हे खरे. त्यावरचे ब्रेकचे दांडे मात्र व्ही-ब्रेकला लागते त्याच्या साधारण निम्मी केबल ओढतात, त्यामुळे रबर रिंगला पुरेसे टेकण्याआधीच दांडा हँडलला लागतो. शिवाय त्या हँडलच्या नळीचा व्यास २३.८ मिलिमीटर आणि माउंटनच्या हँडलचा २२.२ मिलिमीटर असल्याने आपल्याकडचे ब्रेक व शिफ्टर त्यावर चढतही नाहीत. हातांच्या पकडी बदलण्यासाठी फुलपाखराच्या आकाराचे हँडल शोधावे; ते २२.२ मिलिमीटरचेच असते. ते न मिळाल्यास सरळ हँडलच्या टोकांना शिंगे लावावीत. घाट उतरताना ब्रेकशी तडजोड करण्याइतकी किंमत दिसण्याला नाही.

चिमटा बदलताना नळीची लांबी विसरणे

स्वस्त स्प्रिंगचा पुढचा शॉक दोन किलोंहून जड असतो, त्यावर कॅरिअर बसत नाही आणि धुळीने तो लवकरच आखडतो. तो काढून साधा पोलादी चिमटा बसवणे योग्यच आहे. येथे तीन गोष्टी जुळाव्या लागतात. वरच्या नळीचा व्यास जुळावा: बिनआट्याच्या नव्या पद्धतीत बहुधा २८.६ मिलिमीटर, जुन्या आट्याच्या पद्धतीत अनेकदा २५.४. नळीची लांबी पुरेशी असावी, कारण जुना चिमटा पूर्वीच्या सायकलीच्या मापाने कापलेला असतो आणि कापलेली नळी वाढवता येत नाही. तिसरी गोष्ट चाकाच्या एक्सेलपासून वरच्या बुंध्यापर्यंतची उंची. ८० मिलिमीटरच्या शॉकच्या जागी अगदी आखूड चिमटा बसवला तर सायकलीचे तोंड खाली जाते, आणि साधारण दर वीस मिलिमीटरला एक अंश इतकी हँडलची नळी उभी होऊन सामानासह हँडल चंचल वाटू लागते. शॉकच्या उंचीला अनुसरून बनवलेला, व्ही-ब्रेकच्या खुंट्या असलेला चिमटा शोधण्यात वेळ गेला तरी तो सत्कारणी लागतो.

कॅरिअर आणि वेल्डिंग

काळ्या सायकलीचा पोलादी कॅरिअर मजबूत असतो, पण त्याचे पाय २८ इंची चाकाच्या मापाचे असल्याने २६ इंची सायकलीवर तो उंच राहतो आणि सामानाचे वजनही वर जाते. पाय कापून पुन्हा भोक पाडून घेणे हा सोपा उपाय आहे. माउंटन बाइकचा मागचा भाग आखूड असल्याने बॅग पुढे लावल्यास टाच तिला लागते. बॅगेचे आकडे मागे सरकवावेत. फ्रेमला कॅरिअरसाठी पाच मिलिमीटर स्क्रूची भोके नसतील तर रबर लावलेल्या पट्ट्या नळीभोवती आवळून त्यांवर कॅरिअर धरावा. फ्रेमवर नवा तुकडा वेल्ड करून घेण्याचा सल्ला गावोगावी मिळतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमबाबत तो ऐकूच नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने त्या धातूला दिलेली मजबुती जोडाजवळ निघून जाते, आणि पातळ पोलादी नळीही तशीच कमकुवत होऊ शकते. वेल्डिंग कॅरिअरचे करावे, फ्रेमचे नको. मडगार्ड बसवताना टायरच्या वर ऐसपैस जागा सोडावी, नाहीतर पहिल्याच पावसात काळ्या मातीचा चिखल त्या फटीत दाटून चाक जाम होते.

जे जुने घेऊच नये

टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल आणि चेन नवीनच घ्यावी. खानदेशच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली राहिलेल्या टायरला बाजूने चिरा पडलेल्या असतात आणि त्या हवा भरल्यावरच दिसतात. चेन आपल्या सायकलीवर आधीपासूनच असेल तर फूटपट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरावा. १२ इंचांच्या खुणेवर दुसऱ्या पिनेचा मध्य नेमका आला पाहिजे. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदलावी, १/८ इंच गेला असेल तर मागचे दातेही झिजले आहेत असे समजावे. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टाकली की जोर लावताना ती घसरते, आणि दोष उगाच डिरेलरवर येतो.

संपूर्ण सायकल फारच स्वस्तात कोणी देत असेल तर पायडलच्या एक्सेलच्या नळीखाली कोरलेला क्रमांक पाहावा. तो घासून काढलेला असेल किंवा विकणारा साधी पावती लिहून देण्यास तयार नसेल तर तो व्यवहार सोडून द्यावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हा आहे.

जोडणी पूर्ण झाल्यावर लांबच्या प्रवासाआधी पूर्ण सामानासह जवळचाच एखादा चढ-उतार निवडावा. धुळ्याच्या लोकांना लळिंग आहे, रावेर-यावलकडच्यांना पालचा रस्ता आहे. परत आल्यावर क्रँकचे नट, कॅरिअरचे स्क्रू आणि हँडलचा बोल्ट पुन्हा आवळावेत, मागच्या चाकाचे स्पोक बोटांनी दाबून कोणता सैल झाला ते पाहावे आणि चाक फिरवून आउट आला असल्यास मिस्त्रीकडून काढून घ्यावा. दुसऱ्या फेरीनंतरही तोच नट सैल झाला तर तो आणखी जोराने आवळू नये. तो भागच बदलावा.