नव्या लॅपटॉपमधलं नको असलेलं सॉफ्टवेअर कसं काढायचं, आणि कशाला हात लावायचा नाही

नवीन लॅपटॉप सुरू करून अर्धा तास होत नाही तोच खाली उजव्या कोपऱ्यातून एक चौकोन वर सरकतो, तुमचं संरक्षण ३० दिवसांत संपतंय, आत्ताच घ्या, तो बंद करावा तर थोड्या वेळाने दुसरा, क्लाउडमधे जागा विकत घ्या म्हणून. यातलं आपण काहीच मागितलेलं नसतं. असं सॉफ्टवेअर आधीच भरून देण्याचे लॅपटॉप कंपन्यांना पैसे मिळतात, म्हणून ते असतं. याला ब्लोटवेअर म्हणतात. घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांचे नवे लॅपटॉप मीच लावून देतो आणि दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी विंडोज ११ धरून लिहिलंय, १० वर मेनूची नावं जरा इकडेतिकडे आहेत पण रस्ता तोच.

पहिलं म्हणजे हे काम पहिल्याच दिवशी करा, फोटो, कागदपत्रं, पासवर्ड काहीही त्यात टाकायच्या आधी. रिकामा लॅपटॉप बिघडला तर जास्तीत जास्त परत रीसेट करावा लागेल, पण सहा महिन्यांचं काम त्यात असलं की प्रत्येक अनइन्स्टॉलला हात थरथरतो आणि मग माणूस म्हणतो राहू दे, चाललंय ना.

सुरुवात करायच्या आधी चार गोष्टी. विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, दोन-तीनदा रीस्टार्ट मागेल, द्या, कारण अर्धवट अपडेट चालू असताना काढाकाढी केली की नंतर कशामुळे काय बिघडलं ते कळत नाही. मग स्टार्टमधे रिस्टोअर पॉइंट असं शोधा, सिस्टीम प्रोटेक्शनची खिडकी उघडेल, तिथे सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन बऱ्याचदा बंदच असतं, ते चालू करून एक रिस्टोअर पॉइंट बनवून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजला परत त्या स्थितीत नेता येतं. तिसरं, लॅपटॉपसोबत ऑफिस कायमचं मिळालं असेल तर आधी वर्ड उघडून ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या, कारण ते एकदा अकाउंटला लागलं की पुढे काहीही पुसलं तरी परत उतरवता येतं. आणि चौथं, सेटिंग्जमधे डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी बिटलॉकर नावाची सोय, चालू आहे का ते बघा, चालू असेल तर बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे जाऊन बघून कागदावर उतरवा. ती नसताना लॅपटॉपने ती मागितली तर आतला डेटा गेलाच समजा.

आता यादी. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स. समोर तीन ठिपके, त्यात अनइन्स्टॉल. पण नुसती हीच यादी बघू नका, जुनं कंट्रोल पॅनलसुद्धा उघडा, त्यात प्रोग्रॅम्स अँड फीचर्स, कारण तिथे पब्लिशर नावाचा रकाना असतो आणि त्यावर क्लिक केलं की एकेका कंपनीचं सगळं एकाखाली एक येतं. हा रकाना फार कामाचा आहे. ॲपचं नाव काहीही गोड ठेवलेलं असतं, पण ते कोणी बनवलंय हे कळलं की निम्मा निर्णय झाला. स्टोअरमधली ॲप मात्र कंट्रोल पॅनलमधे दिसत नाहीत, ती सेटिंग्जच्याच यादीत, म्हणून दोन्ही याद्या लागतात.

यादी वाचताना मी मनात तीन गठ्ठे करतो. पहिला गठ्ठा विकायला ठेवलेल्या मालाचा, म्हणजे अँटिव्हायरसची ट्रायल, व्हीपीएनची ट्रायल, पासवर्ड मॅनेजरची ट्रायल, गेम, खरेदीच्या साइटची आयकॉन, कूपन दाखवणारं ब्राउझर एक्स्टेंशन, लॅपटॉप कंपनीचं रजिस्ट्रेशन करा म्हणणारं ॲप. हे सगळं बिनधास्त काढा. स्टार्ट मेनूतली काही आयकॉन तर नुसती पाटी असते, ॲप आत आलेलंच नसतं, क्लिक केलं की मग डाउनलोड सुरू होतं, त्यामुळे हे काय आहे बघू तरी म्हणून क्लिक करू नका, राइट क्लिक करा आणि अनपिन किंवा अनइन्स्टॉल जे दिसेल ते करा. काही लॅपटॉपवर ऑफिसची एकच नोंद चार-पाच वेगवेगळ्या भाषांत दिसते, इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश अशी, त्यातली तुमची भाषा ठेवून बाकीच्या एकेक करून काढल्या तर चालतात.

दुसरा गठ्ठा लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या टूल्सचा, आणि इथे लोक चुकतात. लेनोव्हो व्हँटेज, मायएसस, डेलचं सपोर्टअसिस्ट, एचपी सपोर्ट असिस्टंट ही नावं बघून सगळं एका फटक्यात उडवायचा मोह होतो. पण बायोसची, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, अपडेट सगळ्यात सोप्या पद्धतीने यांच्यातूनच येतात, आणि बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास चार्ज करून थांबवायची सोय अनेक लॅपटॉपवर यांच्यातच असते. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून काम करणाऱ्याला ती सोय हवीच, बॅटरीचं आयुष्य त्याने खरंच वाढतं. म्हणून माझं मत असं की मुख्य टूल एक ठेवा, त्याच्या सेटिंगमधे जाऊन मार्केटिंगची नोटिफिकेशन्स बंद करा, वापराची माहिती कंपनीला पाठवायची परवानगी काढून घ्या, आणि त्याच कंपनीची बाकीची चार-पाच ॲप, वेलकम, ऑफर्स वगैरे, काढून टाका.

तिसरा गठ्ठा पायाच्या दगडांचा. इंटेल किंवा एएमडीचं चिपसेट, ग्राफिक्स, रिअलटेकचं ऑडिओ, सिनॅप्टिक्स किंवा एलॅनचं टचपॅड, व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल नावाच्या एकसारख्या दिसणाऱ्या नोंदी, वेबव्ह्यू २, आणि हॉटकी किंवा सिस्टीम इव्हेंट किंवा सिस्टीम कंट्रोल असे शब्द नावात असलेलं काहीही. यांना हात लावायचा नाही. मावसबहिणीच्या लॅपटॉपवर मी एकदा असलंच एक हॉटकीवालं काढलं होतं, नाव अनोळखी, आकार काही एमबीचा, वाटलं कचराच आहे. रीस्टार्ट झाल्यावर स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करायची बटणं मेली, माइक बंद करायच्या बटणावरचा दिवा लागेना, आणि तिची दुसऱ्या दिवशी ऑनलाइन मुलाखत होती. रात्री कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून तेच ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, शोधून परत टाकलं तेव्हा कुठे जमलं. तेव्हापासून नियम ठेवलाय, नाव ओळखीचं नसेल तर ते आधी नेटवर शोधायचं, आणि तरी शंका राहिली तर अनइन्स्टॉल न करता फक्त सुरुवातीला चालू होण्यापासून थांबवायचं. थांबवलेलं एका क्लिकमधे परत चालू होतं.

काढायची सुरुवात अँटिव्हायरसपासून करा. सगळ्यात जड तेच असतं आणि सगळ्यात चिवटही तेच. अनइन्स्टॉल दाबलं की त्याची स्वतःची खिडकी उघडते आणि तिथे नीट वाचा, मोठं रंगीत बटण असतं संरक्षण चालू ठेवा असं सांगणारं, आणि काढून टाका हे बहुतेक वेळा खाली करड्या बारीक अक्षरात. घाईत माणूस रंगीत बटण दाबतो आणि अनइन्स्टॉल झालंच नाही हे त्याला आठवड्याने कळतं. मधे एखाद्या चौकटीत सेटिंग्ज आणि लायसन्सची माहिती ठेवू का असं विचारतील, ती टिक काढा. मग रीस्टार्ट. त्यानंतर त्याच अँटिव्हायरस कंपनीच्या अधिकृत साइटवरून त्यांचं रिमूव्हल टूल घेऊन चालवा, मॅकॅफी, नॉर्टन अशा मोठ्या कंपन्यांची अशी टूल्स असतात, कारण साध्या अनइन्स्टॉलनंतर त्यांचे काही ड्रायव्हर आणि सर्व्हिसेस मागे राहू शकतात. परत रीस्टार्ट. फोल्डर हाताने डिलीट करून अँटिव्हायरस कधीही काढू नका, तो विंडोजच्या आत खोलवर जोडलेला असतो आणि अर्धा तुटला की नेटच बंद पडू शकतं.

मग अँटिव्हायरसशिवाय राहायचं का, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. नाही. विंडोजमधे डिफेंडर असतोच, दुसरा अँटिव्हायरस असला की तो स्वतःहून मागे सरतो आणि दुसरा गेला की स्वतःहून चालू होतो. तरी विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनसमोर हिरवी खूण आहे का ते डोळ्यांनी बघा. घरच्या वापराला, अपडेट वेळेवर होत असतील आणि कुठलीही फाइल उघडायची सवय नसेल तर, तो पुरेसा आहे असं माझं ठाम मत आहे. आणि एक महत्त्वाचं, ट्रायल चालू करताना कुणी कार्डाचा नंबर दिला असेल तर सॉफ्टवेअर काढल्याने पैसे कापणं थांबत नाही, त्यांच्या अकाउंटमधे जाऊन ऑटो रिन्युअल वेगळं बंद करावं लागतं.

एवढं सगळं कशाला, पडून राहिलं तर काय बिघडतं, असं कुणी म्हटलं की मी सुपरफिशची गोष्ट सांगतो. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोव्होच्या काही घरगुती लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर आधीच टाकलेलं होतं. त्याने विंडोजमधे स्वतःचं रूट सर्टिफिकेट (साइट खरी आहे याची ग्वाही देणारा मूळ दाखला) बसवलं होतं, म्हणजे बँकेच्या साइटवर कुलुपाचं चिन्ह दिसत असतानाही मधे बसून सगळं वाचायची सोय. आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच. २०१५ च्या फेब्रुवारीत हे उघड झालं तेव्हा ती किल्ली लगेच फोडली गेली, म्हणजे त्याच वायफायवर बसलेला कुणीही खोटी बँकेची साइट खरी म्हणून दाखवू शकला असता. त्यातही वाईट म्हणजे प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला तरी सर्टिफिकेट तसंच राहायचं, ते वेगळं काढावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमधे डेलच्या लॅपटॉपवर ईडेलरूट नावाचं असंच सर्टिफिकेट सापडलं, आणि ते तर नुसतं डिलीट केलं तर परत येऊन बसायचं. दोन्ही कंपन्यांनी नंतर काढायची टूल्स दिली. पण आपण न मागितलेला प्रत्येक प्रोग्रॅम हा घराचा एक जास्तीचा दरवाजा असतो, आणि त्याची कडी दुसऱ्याच्या हातात असते, म्हणून पडून राहू देऊ नका.

काढून झालं की कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात स्टार्टअप ॲप्स. इथे इम्पॅक्टच्या रकान्यात हाय लिहिलेलं जे असेल ते बघा, चॅटची ॲप, म्युझिकची ॲप, गेमचे लाँचर, हे लॅपटॉप उघडताक्षणी चालू व्हायची गरज नसते, डिसेबल करा. खरं सांगायचं तर डिस्कवरची जागा फार मोकळी होत नाही, काही जीबी सुटतील, फरक कळतो तो चालू व्हायला लागणाऱ्या वेळात, पंख्याच्या आवाजात आणि सारख्या वर येणाऱ्या चौकटी थांबतात त्यात. ब्राउझर उघडून एक्स्टेंशन्स आणि होमपेज पण बघून घ्या, तिथे काही घुसवलेलं असतं ते ॲपच्या यादीत दिसत नाही.

वनड्राइव्हबद्दल थांबून वाचा. नको असेल तर काढता येतं, पण बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचं बॅकअप पहिल्या सेटअपमधेच चालू झालेलं असतं आणि तुमच्या फाइली प्रत्यक्षात वनड्राइव्हच्या फोल्डरमधे राहतात. आधी त्याच्या सेटिंगमधे जाऊन बॅकअप बंद करा, फाइली खरोखर डिस्कवर उतरल्यात का बघा, साध्या फोल्डरमधे कॉपी करा, मग अनलिंक आणि मग अनइन्स्टॉल. उलटं केलं की डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि पोटात गोळा येतो. एज ब्राउझर मात्र युरोप सोडून बाकी ठिकाणी सरळ मार्गाने निघत नाही, त्याच्यामागे वेळ घालवू नका, दुसरा ब्राउझर डीफॉल्ट करा आणि सोडून द्या.

एका क्लिकमधे सगळं साफ करणाऱ्या स्क्रिप्ट आणि टूल्स नेटवर खूप मिळतात. बल्क क्रॅप अनइन्स्टॉलर हे ओपन सोर्स आहे आणि एकावेळी बरीच ॲप काढायला, मागे राहिलेलं साफ करायला चांगलं आहे, मी वापरतो. पण ज्या स्क्रिप्ट सर्व्हिसेस बंद करतात, अपडेट बंद करतात, स्टोअरच उडवतात, त्या काय करतात ते ओळ न ओळ कळत असेल तरच चालवा. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, साफ करणारे क्लीनर तर अजिबात नकोत, त्याने वेग वाढत नाही आणि बिघडलं तर दुरुस्त करणं अवघड असतं.

कचरा फारच असेल, किंवा तुम्हाला मुळापासून स्वच्छ हवं असेल, तर क्लीन इन्स्टॉल, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. रीसेट दिस पीसीमधे लोकल रीइन्स्टॉल केलं तर कंपनीचं बरंच सॉफ्टवेअर त्यासोबत परत येऊ शकतं, म्हणून मी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल वापरतो. लायसन्सची काळजी नको, आवृत्ती तीच टाकली, म्हणजे होम होती तर होमच, तर नेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं, लायसन्सची की लॅपटॉपच्या मदरबोर्डमधेच असते. मात्र कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर नवीन विंडोज येतं आणि नेटच नसतं. इंटेलच्या काही लॅपटॉपवर इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही, तिथे इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर त्याच पडद्यावरून लोड करावा लागतो, तोही आधीच घ्या. रिकव्हरी पार्टिशन मात्र लॅपटॉप विकायचा किंवा मूळ अवस्थेत न्यायचा विचार असेल तर पुसू नका.

शेवटी, स्टोअरची ॲप ज्या युजरने काढली त्याच्यापुरतीच जातात, त्याच लॅपटॉपवर घरातल्या दुसऱ्या कुणाचं अकाउंट बनवलं की तीच ॲप तिथे परत दिसतात, तेव्हा त्या अकाउंटमधे जाऊन पुन्हा एकदा काढावी लागतात. आणि विंडोजचं वर्षाचं मोठं अपडेट झालं की इन्स्टॉल्ड ॲप्स आणि स्टार्टअपची यादी पाच मिनिटं चाळा, एखाद-दुसरं परत आलेलं असतं.