वृद्धाश्रमात रहिवासी समिती काढताय? आधी खाटा मोजा

समिती काढायची म्हटलं की आपल्या लोकांना पहिल्यांदा अध्यक्ष आठवतो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार (खजिना कुठला, ते विचारू नका), मग रबरी शिक्का. होईल हो ते सगळं. आधी करायचं ते एकच: संस्थेत जेवढ्या खाटा आहेत त्या प्रत्येक खाटेपाशी स्वतः जाऊन यायचं. ऑफिसातली यादी मागून आणायची नाही. जिना असला तर थांबत थांबत चढायचा आणि वहीत लिहायचं, कोण आहे, उठून बसता येतं का, ऐकू कितपत येतं, बोलणं कुठल्या भाषेतलं. मागच्या खेपेला आमचं हेच राहिलं. बैठक हॉलमध्ये घेतली, चालणारे आले, आणि चालणाऱ्यांची दुखणी ठरावात गेली: टीव्हीचा आवाज, पाणचट चहा, सगळ्यांत मिळून पेपर एकच. वरच्या मजल्यावर पाठीला जखमा झालेल्या आजी होत्या, त्यांचा विषयच निघाला नाही. त्या खाली येणार कशा?

सगळ्यात वाईट सेवा ज्याच्या वाट्याला येते, तोच माणूस बैठकीला येऊ शकत नाही. म्हणून बैठक खाटेपाशी न्यायची. एकदा नव्हे, दर वेळी.

भाषेचं सोलापुरात जरा जास्तच जपा. पूर्व भागातल्या आजीचा जन्म घरात तेलुगू बोलण्यात आणि विड्या वळण्यात गेलेला असतो, अक्कलकोटकडचे काका कन्नड बोलतात, कुणाची दखनी उर्दू असते. एरवी सगळ्यांना मराठी येतं की. पण रात्री कंबर ठणकायला लागली की माणूस आईच्या भाषेत जातो. दुभाष्या रहिवाशांपैकीच बघा. सेवा करणाऱ्या मावशींनाच दुभाषी केलंत तर ज्यांच्याबद्दल विचारायचं त्यांच्याच तोंडून उत्तर येणार.

आता विचारायचं काय? "सगळं बरं आहे ना?" असं विचारलंत तर "बरं आहे बाबा, सिद्धेश्वराची कृपा" एवढंच हाती लागेल. बारीक विचारा. तांब्या कुठं ठेवतात, हात पोचतो का? रात्री हाक मारली तर येतं कोण, किती वेळानं? कूस शेवटची कधी बदलली? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. हे लाड नव्हेत, नाहीतर कातडी खालून सडायला लागते. माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं इथली लाली बोटानं दाबूनही जात नसेल तर जखम सुरू झाली म्हणून समजा. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवायला लावा, बैठकीची वाट बघत बसू नका. बायकांच्या खोलीत बायकांनीच जायचं, हे सांगायला लागू नये.

पाण्याचं तर मुद्दाम विचारा. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, संस्था टाकीवर दिवस काढते, त्यामुळे "जपून वापरा" हे वाक्य सगळ्यांच्या कानात बसलेलं. त्यात खाटेवरचा माणूस आपणहून पाणी कमी पितो. का? लघवीला न्यायला कुणी वेळेवर येत नाही आणि अंथरूण ओलं झालं तर बोलणी खावी लागतात. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर गेलेला असताना हे किती महागात पडतं, ते उन्हाळ्यात सिव्हिलला जाऊन आलेल्यांना विचारा. हे दुखणं हॉलमधल्या बैठकीत कधीच निघत नाही. चारचौघांत कोण सांगेल? खाटेपाशी, हळू आवाजात, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतं.

ज्यांना आठवतच नाही त्यांना वगळू नका. त्यांच्या शेजारच्या खाटेला विचारा. शेजारची खाट रात्रभर जागी असते.

भीतीचा बंदोबस्त आधीच करा. "तक्रार केली तर मुलाला फोन करतील, घेऊन जा म्हणतील," हे प्रत्येकाच्या मनात असतं, आणि ते अगदीच खोटंही नाही. म्हणून कागदावर तक्रार करणाऱ्याचं नाव जाणार नाही, समितीचं जाईल, हे पहिल्या भेटीतच सांगा आणि पाळा. बैठकीत मॅनेजर नको. चहा घेऊन येणारा सेवकही कप ठेवून बाहेर. यावर लोक म्हणतात, असं कुठं असतं का? असतं. अमेरिकेत 1987 च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्यानं रहिवाशांना आपला गट करायचा हक्क मिळाला. तिथल्या नियमांत संस्थेनं बैठकीला खासगी जागा द्यायची, कर्मचाऱ्यांनी बोलावल्याशिवाय आत यायचं नाही आणि गटाच्या तक्रारींवर काय केलं, का केलं, याचं उत्तर द्यायचं, असं आहे. आपल्या 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धाश्रमांचा उल्लेख आहे, रहिवाशांच्या समितीची सक्ती नाही. पण मनाईही नाही. मॅनेजरसाहेब रागावले तर एवढंच सांगा, की तुमच्याविरुद्ध बसत नाही, आमच्यासाठी बसतोय.

तक्रार लिहिताना मोघम लिहू नका. "जेवण चांगलं नाही" याला उत्तर "चांगलं करू" असं येतं आणि विषय संपतो. कडक भाकरी सोलापूरची शान आहे, मान्य, पण दात नसलेल्याला ती आमटीत भिजायची वाट बघावी लागते आणि तोवर ताट उचललं जातं. मग लिहायचं असं: ताट अर्ध्या तासाच्या आत उचलू नये, मऊ भाकरी किंवा भात मागेल त्याला मिळावा, भरवावं लागतं त्यांना आधी वाढावं. एका कागदावर तीन मागण्या, जास्त नकोत. त्या तिनातली एक तरी खाटेवरच्या माणसाची हवीच. नसेल तर कागद फाडा आणि पुन्हा वर जाऊन या. मी थट्टा करत नाही. दोन प्रती, एकीवर पोच, सही आणि तारीख. तोंडी "बघतो" चालणार नाही. गिरणीत काम केलेले कुणी असतील तर हे काम त्यांना द्या, त्यांना पोच घ्यायची सवय आहे.

मावशी आणि मामांवर घसरू नका. रात्री अख्ख्या मजल्याला एकच मावशी असेल तर ती कुणाकुणाची कूस बदलणार? मागणी रात्रीच्या दुसऱ्या माणसाची करा, त्या मावशीच्या बदलीची नको.

नातेवाईक: मदतीला घ्या, समितीत नको. मुलं बोलायला लागली की आई-वडील गप्प होतात.

संस्था ऐकतच नसेल तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे अर्ज करा, ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालयातही. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567, सकाळी आठ ते रात्री आठ. नंबर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक खाटेशेजारी चिकटवा. ऑफिसाबाहेरच्या फलकावर तो असेलच, पण ज्याला लागणार तो तिथवर जात नाही.

वेळ सकाळची ठेवा, उन्हाच्या आधी. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे, दिवस टाळा, सेवक रजेवर असतात आणि सगळ्यांचं लक्ष यात्रेत. वर्गणी घेऊ नका, वही-पेन कुणीही देईल. ठराव वाचून दाखवा, सह्या नाहीतर अंगठे घ्या. पुढची तारीख तिथंच ठरवा, आणि संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावर जाऊन तोंडी सांगून या. दुसऱ्या दिवशी परत सांगा, विसरतात.