इयर ९ च्या ऑप्शन्सपासून ए लेव्हलपर्यंत: इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या पालकांसाठी

महाराष्ट्रातून येताना आपल्या डोक्यात एक नकाशा पक्का असतो. दहावीपर्यंत सगळे विषय सगळ्यांना, मग सायन्स, कॉमर्स की आर्ट्स, आणि सायन्स घेतलं तर पीसीएम की पीसीबी. इंग्लंडमध्ये शाखाच नाहीत. केमिस्ट्रीबरोबर इतिहास आणि फ्रेंच घेणाऱ्या मुलीकडे इथे कुणी वळून बघत नाही. मात्र सोळाव्या वर्षी बहुतेक मुलं फक्त तीन विषय ठेवतात, आणि त्यातले काही दरवाजे त्याआधीच, आपल्याला कळायच्या आत, बंद झालेले असतात. त्यासाठीच हे सगळं सांगते आहे. (स्कॉटलंडची पद्धत पूर्ण वेगळी आहे. तिकडे राहत असाल तर यातलं फारसं लागू होणार नाही.)

पहिली निवड इयर ९ मध्ये (वय १३-१४) होते, काही शाळांत इयर ८ मध्येच. इयर १० आणि ११ मध्ये जीसीएसईचा, म्हणजे साधारण सोळाव्या वर्षी प्रत्येक विषयाची जी स्वतंत्र परीक्षा होते तिचा, अभ्यास असतो. इंग्रजी, गणित आणि सायन्स सर्वांना सक्तीचे, बाकीचे तीन-चार विषय मुलांनी निवडायचे. सायन्सचे दोन प्रकार: कम्बाइन्ड म्हणजे दोन जीसीएसई, आणि ट्रिपल म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी स्वतंत्र. ट्रिपल मिळालं नाही म्हणून आपल्याकडचे आईबाप हवालदिल होतात. तसं होऊ नका. कम्बाइन्डमध्ये चांगली ग्रेड असेल तर पुढे ए लेव्हलला (इयर १२ आणि १३ चा दोन वर्षांचा अभ्यास) सायन्स घेता येतं. मराठीची जीसीएसई इथे नाही. गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दूच्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक नवीन कुटुंबाकडून येतो.

आता ज्या गोष्टीबद्दल शाळा आपणहून फारसं बोलत नाही ती. गणित आणि सायन्सच्या परीक्षा दोन पातळ्यांवर (इथे त्यांना टियर म्हणतात) होतात: फाउंडेशन आणि हायर. ग्रेड ९ ते १ असतात आणि ९ सगळ्यात वरची. फाउंडेशनचा पेपर कितीही उत्तम लिहिला तरी ५ च्या वर ग्रेड मिळत नाही. ए लेव्हल गणिताला प्रवेश देताना सिक्स्थ फॉर्म (इयर १२-१३ चे वर्ग) सहसा ६ किंवा ७ मागतात. म्हणजे फाउंडेशनमध्ये बसलेल्या मुलाचं ए लेव्हल गणित तिथेच संपलं, आणि त्याबरोबर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स आणि मोठ्या युनिव्हर्सिट्यांमधलं इकॉनॉमिक्सही. पातळी शाळा ठरवते, बहुतेकदा मूल ज्या सेटमध्ये, म्हणजे कुवतीनुसार केलेल्या ज्या गटात, आहे त्यावरून. नवीन आलेल्या मुलाचं गणित पक्कं असतं, पण इंग्रजीतली शाब्दिक उदाहरणं वाचताना ते अडखळतं, चाचणीत मागे पडतं आणि खालच्या सेटमध्ये जातं. शाळेचा यात वाईट हेतू नसतो. पण पहिल्याच पॅरेंट्स ईव्हनिंगला स्पष्ट विचारा: "माझा मुलगा कुठल्या टियरमध्ये बसणार आहे? हायरमध्ये जायला त्याला काय करून दाखवावं लागेल?" हे विचारणं उद्धटपणा समजला जात नाही. आपण शिक्षकांसमोर गप्प बसायला शिकलेलो असतो. इथे गप्प बसलं तर सगळं ठीक आहे असाच अर्थ घेतला जातो. इंग्रजीच्या जीसीएसईला टियर नसतात, तिथे सगळ्यांना एकच पेपर. इंग्रजी आणि गणितात किमान ४ हवीच. नसेल तर सोळा वर्षांनंतरही ते विषय चालू ठेवावे लागतात.

इयर १० च्या मधे येणाऱ्या मुलांची गोष्ट सगळ्यात अवघड. ऑप्शन्सचे गट भरलेले असतात आणि जिथे जागा उरली आहे तिथे मुलाला बसवतात. इतिहास हवा असताना दुसरंच काही हाती येतं. अशा वेळी भांडायचं असेल तर ऑप्शनच्या विषयासाठी भांडू नका, गणित आणि सायन्सच्या टियरसाठी भांडा. भूगोल की ड्रामा यावर फारसे कोर्स अडत नाहीत. दहावी भारतात करून थेट इयर १२ ला येणार असाल तर मूळ गुणपत्रिका आणि बोर्डाचा अभ्यासक्रम बरोबर आणा. प्रवेश देणारे आधी तेच मागतात, आणि काही ठिकाणी इंग्रजीची जीसीएसई तरीही द्यायला सांगतात.

ए लेव्हलचे तीन विषय निवडताना उलटीकडून सुरुवात करा. मुलाला साधारण कुठे जायचं आहे ते विचारा, त्या कोर्सची चार-पाच युनिव्हर्सिट्यांची पानं उघडा आणि 'आवश्यक विषय' हा भाग वाचा. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सल्ल्यापेक्षा हे पंधरा मिनिटांचं वाचन जास्त कामाचं आहे. मेडिसिनला बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागतेच, आणि जोडीला बायोलॉजी असेल तर जवळजवळ सगळीकडे अर्ज करता येतो. फिजिक्स लागत नाही. नीटचा इथे उपयोग नाही. मेडिसिनसाठी यूकॅट ही प्रवेश परीक्षा इयर १२ नंतरच्या उन्हाळ्यात द्यावी लागते आणि यूकॅसचा, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या मध्यवर्ती संस्थेकडचा, अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत जावा लागतो. इंजिनिअरिंगला गणित आणि फिजिक्स. केमिकल इंजिनिअरिंगला केमिस्ट्री. कॉम्प्युटर सायन्सच्या बाबतीत मात्र सगळ्यांची चूक होते: वरच्या युनिव्हर्सिट्या शाळेतला कॉम्प्युटर सायन्स विषय सहसा मागत नाहीत, गणित मागतात, आणि काही ठिकाणी फर्दर मॅथ्सही (गणिताच्या जोडीला घ्यायचा, आणखी पुढच्या गणिताचा वेगळा ए लेव्हल). इकॉनॉमिक्सचंही तसंच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा केंब्रिजला ए लेव्हल गणित हवं, ए लेव्हल इकॉनॉमिक्स नसलं तरी चालतं. लॉसाठी ठरावीक विषय लागत नाही, पण इतिहासासारखा लांब लिहायला लावणारा विषय उपयोगी पडतो.

मुलाचं काहीच ठरलेलं नसेल तर माझं मत सरळ आहे: गणित जमत असेल तर ठेवा, त्याला एका सायन्सची जोड द्या, आणि तिसरा विषय मुलाच्या आवडीचा, त्यात आपण बोलायचं नाही. तिन्ही विषय आपण ठरवलेली मुलं इयर १२ च्या नाताळापर्यंत कोमेजलेली मी पाहिली आहेत. इथे एका विषयात जितकं खोल जावं लागतं, तितकं नावडत्या विषयात दोन वर्षं जाणं फार कठीण. काही चुकलं असं वाटलं तर सप्टेंबरच्या पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक शाळा विषय बदलू देतात. तेवढ्यात बोला, नंतर ते अवघड होतं.

ए लेव्हल हा एकमेव रस्ता नाही, हे आपल्या लोकांना पटायला वेळ लागतो. २०२० पासून टी लेव्हल सुरू झाले आहेत. एक टी लेव्हल म्हणजे तीन ए लेव्हलच्या तोडीचा दोन वर्षांचा कोर्स, ज्यात किमान ४५ दिवस प्रत्यक्ष कंपनीत काम असतं. डिग्री अप्रेंटिसशिपमध्ये पगार मिळतो, पदवी मिळते आणि फी मालक आणि सरकार मिळून भरतात. ज्याला हाताने काम करायला आवडतं अशा मुलासाठी मी याचा विचार आधी करीन. मात्र टी लेव्हल आपल्या कोर्सला चालतो का, हे युनिव्हर्सिटीला विचारून घ्या, सगळ्या स्वीकारत नाहीत.

आणि विषयांच्या चर्चेत कुणी न काढणारा मुद्दा: फी. इंग्लंडमध्ये होम फी, म्हणजे इथल्या विद्यार्थ्यांना लागणारी युनिव्हर्सिटीची फी, २०२५-२६ ला वर्षाला ९,५३५ पौंड होती, परदेशी विद्यार्थ्याची त्याच्या कितीतरी पट. होम फीसाठी सर्वसाधारणपणे कोर्सच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी मुलाकडे कायम राहण्याचा हक्क हवा आणि त्याआधीची तीन वर्षं वास्तव्य हवं. डिपेंडंट व्हिसावर नुसतं इथे राहणं पुरत नाही. मेडिसिनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या जागाही मोजक्याच असतात. तेव्हा इयर ११ मध्ये विषय लिहून देण्याआधी मुलाची कोर्स सुरू होण्याची तारीख आणि तुमची आयएलआरची (कायम राहण्याचा हक्क मिळण्याची) तारीख एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. मधे काही महिन्यांचाच फरक पडत असेल तर गॅप इयरचा पर्याय आत्ताच मुलाशी बोलून ठेवा, आणि फीच्या दर्जाचा प्रश्न युनिव्हर्सिटीच्या प्रवेश विभागाला ईमेलनेच विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील.