भूत चालेल, वन-वे तोडू नका

‘आटपाट नगर होतं’ म्हटलं की तालुका-जिल्हा कुणी विचारत नाही. ऐकणाऱ्यानं शंका आपखुशीनं खुंटीला टांगलेली असते. इंग्रज कवी कोलरिजनं १८१७ मध्ये या सवलतीला नाव दिलं. ती टिकवायची कशी, हे मी मार खाऊन शिकलो. माझ्या एका कथेत हडळ रिक्षानं डेक्कनहून शिवाजीनगरला जाते, फर्ग्युसन रस्त्यानं. मित्र म्हणाला, "हडळ ठीक आहे रे, पण रिक्षा वन-वेत उलटी कशी घातली?" जंगली महाराज रस्ता लिहिला असता, तर तो कदाचित घाबरलाही असता.

आधी अशक्य गोष्ट एकच निवडा आणि एका वाक्यात लिहा. समजा : दर १२ जुलैला पानशेतच्या पुराचं पाणी एका रात्रीपुरतं पुण्यात परत येतं. (१९६१ साली याच तारखेला पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या.)

मग कुंपण घाला. पाणी १९६१ ला चढलं तिथवरच चढेल. भिजवेल, पण जीव घेणार नाही. हे दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच कळू द्या. शेवटच्या पानावर नायकासाठी नवी सूट काढलीत, की वाचक पुस्तक मिटतो.

खरी मेहनत पुढे आहे. आदल्या दिवसापासून दुसऱ्या सकाळपर्यंत त्या शहरात हिंडून या. नारायण पेठेत तळमजल्याचं भाडं कमी असेल. भाडेकरारात त्या रात्रीचं कलम असेल. ११ तारखेला दुकानदार माल माळ्यावर चढवतील, नदीपात्रातला रस्ता बंद होईल. १९६१ चा पूर न पाहिलेली पोरं गच्चीत भजी तळतील. एखादी आजी मात्र दरवर्षी ती रात्र गोखलेनगरला लेकीकडे काढेल. पूरग्रस्तांना तिकडे घरं मिळाली होती, तिथं पाणी येत नाही हे तिला पक्कं ठाऊक. यातल्या चार ओळीच कथेत येतील. पण एवढं हिंडलात तर एक हमखास चूक टळते : आपल्याच जगाकडे पात्रांनी डोळे फाडून बघण्याची. दरवर्षीच्या पाण्याला ती किंचाळणार नाहीत, वैतागतील.

तारखा-वयांची वही ठेवा. पुराच्या वेळी दहा वर्षांची आजी २०२५ मध्ये साठीची नसते.

शेवटी खोडसाळ वाचकाला मसुदा द्या आणि गप्प बसा. ‘त्याचं काय आहे ना…’ असं तोंडी समजवावं लागलं, तर ते कथेत लिहायचं राहिलंय. मी त्याच मित्राला देतो. परवा त्यानं विचारलं, "त्या रात्री डेक्कनला मेट्रो थांबते का? स्टेशन उंचावर आहे, पण जिना तर खालीच उतरतो."

वही पुन्हा उघडली आहे.