सॉफ्टवेअर कंपनी वाढवायला कर्ज घ्यायचं की हिस्सा विकायचा? या चुका टाळा

कंपनी जरा चालायला लागली, सबस्क्रिप्शनचे पैसे दर महिन्याला येऊ लागले की वाढीसाठी पैसा कुठून आणायचा हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक फाउंडर तिथेच गडबड करतात. कर्ज बरं की इक्विटी, म्हणजे कंपनीचा हिस्सा विकून आणलेला पैसा, बरी यावर तासन्‌तास चर्चा होते पण पैसा नक्की कशावर खर्च होणार हे कुणी कागदावर मांडतच नाही. माझं मत सरळ आहे. ज्या खर्चातून काय परत येणार ते मागच्या आकड्यांवरून बऱ्यापैकी कळतं, त्याला कर्ज चालतं. जिथे प्रयोग आहे, म्हणजे नवीन प्रॉडक्ट किंवा अजून न चाचपलेलं मार्केट, तिथे इक्विटी घ्या, कारण प्रयोग फसला तरी गुंतवणूकदार पुढच्या महिन्यात हप्ता मागत नाही.

हप्ता आधी, कमाई नंतर

ही चूक सगळ्यात जास्त नडते. समजा एक ग्राहक मिळवायला झालेला खर्च भरून यायला १८ महिने लागतात, आणि तुम्ही १२ महिन्यांत फेडायचं कर्ज घेऊन सगळा पैसा मार्केटिंगमध्ये ओतलात, तर धंदा चांगला असूनही खात्यात खडखडाट होणार, आणि कंपन्या तोट्याने बुडायच्या आधी कॅश संपल्याने बुडतात. त्यात चर्न, म्हणजे ग्राहकांची गळती, बघा. महिन्याला ३ टक्के ग्राहक सोडून जाताहेत हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षात जवळपास ३१ टक्के जुने ग्राहक गेलेले असतात. असं गळकं भांडं कर्जाच्या पैशाने भरू नका, आधी गळती थांबवा.

फक्त व्याजदर बघणं

रेव्हेन्यू-बेस्ड फायनान्सिंगवाले, म्हणजे दर महिन्याच्या कमाईतला ठरलेला टक्का घेऊन वसुली करणारे, "व्याज नाही, फक्त १.४ पट परत द्या" असं सांगतात आणि ऐकणाऱ्याला ४० टक्के व्याज वाटतं. हिशोब करा. १०० घेतले आणि १२ समान हप्त्यांत १४० फेडले तर मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, त्यामुळे खरा दर महिन्याला ५.६ टक्के, म्हणजे वर्षाचा साध्या हिशोबाने ६७ टक्क्यांच्या आसपास पडतो. तेच पैसे तीन वर्षांत फेडले तर दर बराच खाली येतो. म्हणजे कमाई जितकी जोरात वाढेल तितकं हे कर्ज महाग! व्हेंचर डेटमध्ये, म्हणजे गुंतवणूकदारांचा पैसा मिळालेल्या स्टार्टअपना दिल्या जाणाऱ्या कर्जात, व्याजाशिवाय प्रोसेसिंग फी, शेवटचं पेमेंट आणि वॉरंट असतात, आणि वॉरंट म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क, म्हणजे कर्ज घेऊनही थोडा हिस्सा जातोच. पर्सनल गॅरंटी मागितली तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको, घरच्यांची बचत त्यात अडकू शकते.

इक्विटी परत द्यायची नसते म्हणून स्वस्त समजणं

गुंतवणुकीच्या तीन राउंडमध्ये प्रत्येकी २० टक्के दिले तर उरतात ५१.२ टक्के, आणि त्यात ऑप्शन पूल, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेले शेअर, अजून धरलेलाच नाही. तो पूल बऱ्याचदा गुंतवणुकीच्या आधीच्या व्हॅल्युएशनमधून काढला जातो, म्हणजे त्याचा भार जुन्या शेअरहोल्डरवर. मग लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली तर गुंतवणूकदाराला आधी पैसे द्यायची अट. २० टाकून २० टक्के घेतलेले आहेत आणि कंपनी ३० ला विकली गेली, तर साध्या १ पट नॉन-पार्टिसिपेटिंगमध्ये (टाकलेला पैसा किंवा आपला हिस्सा, यातलं एकच) गुंतवणूकदार २० घेतो, बाकीच्यांना १०. पार्टिसिपेटिंग असेल तर २० घेऊन वर उरलेल्या १० मधले २ पण घेतो. टर्म शीटमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदात, व्हॅल्युएशनचा आकडा बघून खूश होण्याआधी ही ओळ शोधा, खरंच.

सेफ आणि कन्व्हर्टिबल नोट, दोन्हींत पैसा आज येतो आणि शेअर नंतर द्यायचे असतात, पण दोन्ही एकच समजू नका. वाय कॉम्बिनेटर या अमेरिकन स्टार्टअप अॅक्सिलरेटरने २०१३ मध्ये आणलेल्या सेफमध्ये व्याज नाही, मुदत नाही. नोट मात्र मुदत भरली की कर्ज म्हणून समोर उभी राहते.

पैसा संपत आल्यावर कर्जासाठी धावणं

व्हेंचर डेट देणारा तुमच्यामागे कोणते गुंतवणूकदार उभे आहेत ते आधी बघतो, त्यामुळे इक्विटी राउंड नुकताच झालेला असतानाच बोलणी करायला चांगली वेळ असते. तीन महिन्यांचा रनवे, म्हणजे तेवढेच दिवस पुरेल एवढी कॅश, उरल्यावर गेलात तर नकार मिळतो नाहीतर अटी जाचक असतात.

आणि कर्ज देणाऱ्या बँकेतच सगळी कॅश ठेवायची अट दिसली तर जपून. १० मार्च २०२३ ला अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली तेव्हा अशा अटीमुळे कित्येक स्टार्टअपचा सगळा पैसा एकाच जागी होता. दोन दिवसांत तिथल्या सरकारने सगळ्या ठेवी सुरक्षित जाहीर केल्या, पण तोपर्यंत पगार कसे करायचे हा प्रश्न त्यांच्यासमोर होता.

आधीच अडकला असाल तर

कोव्हेनंट, म्हणजे कर्जाच्या करारातली अट, मोडणार असं दिसलं, म्हणजे किमान कॅश किंवा ठरलेली वाढ टिकणार नाही, तर मोडायच्या आधीच लेंडरशी बोला. सुधारित अंदाज आणि खर्चकपातीचा आराखडा घेऊन गेलात तर वेव्हर (अटीतून सूट) किंवा काही महिने फक्त व्याज भरायची सवलत मिळू शकते, उशीर झाला की हातातलं वजन संपतं. त्याच आठवड्यात सध्याच्या गुंतवणूकदारांनाही खरा आकडा सांगा आणि ब्रिजसाठी, म्हणजे पुढच्या राउंडपर्यंत तग धरायला लागणाऱ्या पैशासाठी, विचारा. बरेच लेंडर गुंतवणूकदार अजून पैसे टाकायला तयार आहेत का तेच बघून सवलतीचं ठरवतात, म्हणून या दोन चर्चा एकमेकींपासून लपवून करू नका.