कॅराव्हॅनमध्ये ऊब हवी: हीट पंप लावावा की फर्नेस?

जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा रात्री पाच अंशांच्या खालीही जातो, आणि पत्र्याची गाडी घरापेक्षा फार लवकर गार पडते. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात रोड टॅक्सची सूट साधून व्हॅन घेतलीत नि तिची कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी गाडी, करायला दिलीत, तर गाद्या-पडद्यांआधी हीटिंगचं ठरवा.

गाडी रात्री कुठे उभी राहणार, हे पहिलं बघा. ओरछा, शिवपुरीकडे हॉटेलच्या आवारात वीज मिळणार असेल तर बहुतेक रात्री हीट पंप पुरतो. हा छतावरचा एसीच, फक्त उलटा चालणारा: बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत सोडतो. म्हणून बाहेर दहा अंश असताना एक युनिट विजेत दोन-अडीच युनिटांची ऊब मिळते. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यासाठी एसी तर घ्यावाच लागतो.

मग प्लग तपासा. भार साधारण दीड किलोवॅटचा, तेव्हा १६ अँपिअरचंच सॉकेट हवं. इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी तासभरही पुरत नाही.

खरी अडचण पहाटे येते. बाहेर चार-पाच अंश झाले की युनिटच्या कॉइलवर (उष्णता ओढणाऱ्या नळ्यांवर) बर्फ धरतो आणि छतावरचे बहुतेक हीट पंप हात टेकतात. म्हणून गाडीबाहेर थर्मामीटर लावा. काटा पाचाकडे झुकला की हीट पंप बंद, फर्नेस चालू.

फर्नेस म्हणजे इंधन जाळून हवा तापवणारा हीटर. परदेशात तो बहुधा प्रोपेन गॅसवर असतो. आपल्या डिझेल व्हॅनला डिझेल हीटर सोयीचा: गाडीच्याच टाकीतून इंधन घेतो, दोन किलोवॅटचा असेल तर रात्रीत एक-दोन लिटर पितो, आणि पंख्यापुरती वीज बॅटरीही देते. घरचा लाल सिलिंडर मात्र यासाठी जोडू नका, नियमात बसत नाही.

बसवताना धुराची नळी गाडीबाहेर, खिडकीपासून लांब काढा. झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. आणि सिगडी आत घेऊन दारं लावणं? अजिबात नाही. दर हिवाळ्यात त्यात माणसं जातात.

ग्वाल्हेरहून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ थेट श्रीनगरला पोचतो. तिकडे जायचं असेल तर फर्नेसशिवाय निघू नका, आणि उंचीनुसार डिझेलचं प्रमाण कमी करता येणारं मॉडेलच मागा. विरळ हवेत साध्या हीटरमध्ये काजळी धरते.